ताटातले धान्य आणि वाटीतली डाळ : आहार व पर्यावरण यांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. शरीराला मानवेल आणि जमीन, पाणी व हवा यांवरही कमी भार टाकेल असा आहार घरच्या घरी कसा बसवायचा, हा त्या सर्वांचा प्रश्न आहे. त्यांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही घरी चौघे, पूर्ण शाकाहारी. पृथ्वीला परवडेल असा आहार म्हणून परदेशी शास्त्रज्ञांनी आखलेला एक आराखडा अलीकडे वाचनात आला. त्यात मांस कमी करण्यावर बराच भर आहे. आम्ही मांस खातच नाही, तेव्हा आमचा आहार आरोग्याला आणि पर्यावरणाला आपोआप अनुकूल आहे असे समजावे काय?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आपण उल्लेख केलेला आराखडा ईट-लॅन्सेट आयोगाचा असावा. सोळा देशांतील ३७ तज्ज्ञांच्या या आयोगाने तो २०१९ मध्ये मांडला आणि २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. मूळ आराखड्यात दिवसाला २५०० उष्मांकांचा आहार गृहीत धरला असून त्यात गोमांस, डुकराचे मांस व मटण मिळून सरासरी केवळ १४ ग्रॅम ठेवले आहे. अमेरिका आणि युरोपातील माणूस याच्या कितीतरी पट मांस खात असल्यामुळे तेथे या आराखड्याची चर्चा मांसाभोवतीच फिरणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे त्या चर्चेची बातमी तेवढी पोहोचते आणि मग शाकाहारी घरांना परीक्षा न देताच उत्तीर्ण झाल्यासारखे वाटू लागते. परंतु त्याच आराखड्यातील धान्याची ओळ वाचली, तर आपली अडचण कोठे आहे ते लगेच ध्यानात येते. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी अशी सर्व धान्ये मिळून दिवसाला २३२ ग्रॅम, म्हणजे एकूण उष्मांकांचा साधारण तिसरा हिस्सा, आणि तीही कोंड्यासह, असे तेथे म्हटले आहे. याउलट भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यांत पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांचा वाटा मोठा आहे.

परदेशी आराखडा बाजूला ठेवला तरी चालेल, कारण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आपल्यासाठी स्वतंत्र ताट आखून दिले आहे. बैठे काम करणाऱ्या प्रौढासाठी २००० उष्मांकांच्या त्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, पालेभाज्यांसह सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलीलीटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. हे आकडे कच्च्या जिनसांचे आहेत. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागते असे धरा. सकाळी बशीभर पोह्यांचे ५० ग्रॅम, दोन जेवणांत मिळून चार पोळ्यांचे १२० ग्रॅम आणि भाताचे ८० ग्रॅम अशी बेरीज केली की २५० ग्रॅम तेथेच संपतात. त्यानंतर चहाबरोबरची बिस्किटे, टोस्ट, खारी, संध्याकाळचा उपमा किंवा शेवयांची खीर हे सारे त्या मापावरचे ठरते. डाळीकडे पाहिले तर उलट चित्र दिसते. पातळ वरणाच्या दोन वाट्यांत पाणीच अधिक असते, आणि ८५ ग्रॅमांपैकी निम्मी डाळही अनेक घरांत माणशी पडत नाही.

माझ्या मते महाराष्ट्रातील शाकाहारी घराला करण्यासारखा सर्वांत मोठा बदल हाच आहे : धान्याचे प्रमाण उतरवून त्याची जागा डाळी, कडधान्ये आणि भाज्या यांना देणे. आरोग्यासाठी तो का हवा हे वरच्या आकड्यांवरून स्पष्ट होईल. पर्यावरणाच्या बाजूने पाहिले तर डाळींची झाडे मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतःच जमिनीत बांधतात, त्यामुळे त्यांना युरियाची गरज फार थोडी लागते आणि पुढच्या पिकालाही त्याचा लाभ मिळतो. युरिया कमी म्हणजे शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही कमी, आणि हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की तळाच्या चिखलात हवा पोहोचत नाही व तेथील जिवाणू मिथेन तयार करतात. तूर, मूग, मटकी, हरभरा यांच्या शेतात ही प्रक्रिया नसते.

स्वयंपाकघरात यासाठी काही नवे शिकावे लागत नाही. आमटी दाट करावी, आठवड्यातून तीन-चार दिवस उसळ हीच मुख्य भाजी धरावी, नाश्त्याला पोहे-उपम्याऐवजी मुगाचे धिरडे किंवा उकडलेली चवळी-मटकी ठेवावी. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात, आणि थालीपिठाच्या भाजणीत धान्यांबरोबर हरभरा व उडीद असतातच. भाजणीत डाळींचे माप थोडे वाढवले तर चवीत फरक पडत नाही. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळी भरून काढतात, आणि डाळींत जे कमी पडते ते धान्यांत असते, म्हणून ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही उत्तम आहे.

उपवासाचा मुद्दा आपण विचारलेला नाही, तरी सांगून टाकते. साबुदाणा हा कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, त्यामुळे उपवासाच्या दिवशी धान्य सुटते पण पिष्ट वाढते. राजगिरा, शिंगाडा, रताळे आणि दाण्याची आमटी हे पर्याय दोन्ही हिशेबांत सरस आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांना मधुमेह आहे. सर्वांच्या सांगण्यावरून वर्षभरापूर्वी पोळ्या बंद करून ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या, पण साखर म्हणावी तशी उतरली नाही. त्यात ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. ज्वारीचे जे गुणगान चालू आहे ते खरे की निव्वळ प्रचार?
– एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून भरडधान्यांच्या नावावर बरेच काही विकले जात आहे. त्यामुळे आपला संशय रास्त आहे, पण त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

आधी साखरेचे पाहू. वर उल्लेखिलेल्या पाहणीतील एक निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळतो. पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण तेच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी केवळ गहू किंवा भरडधान्य आणले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. परंतु पिष्टमय पदार्थांतील पाच टक्के उष्मांक काढून त्या जागी डाळींची किंवा दुधाची प्रथिने घेतली, तेथे धोका कमी आढळला. ज्वारीत चोथा आणि लोह चांगले असले तरी तिच्यातही सुमारे दोन-तृतीयांश पिष्टच आहे. एका मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एक भाकरी जवळजवळ दोन पोळ्यांच्या बरोबरीची झाली. चार पोळ्यांच्या जागी तीन भाकरी आल्या असतील, तर पीठ वाढलेच आहे. दीड भाकरी, वाटीभर दाट आमटी किंवा झुणका, मोठी वाटी पालेभाजी, काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर आणि ताक असे जेवण महिना-दोन महिने करून पाहा. मात्र यजमान इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर भाकरी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण औषधाची मात्रा तीच राहून पिष्ट घटले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ वाढवण्याआधीही त्यांचा सल्ला घ्यावा.

आता दुसरा भाग. पर्यावरणाच्या बाजूने ज्वारीचे गुणगान खरे आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर ते विशेष खरे आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून ठेवलेली असते आणि रब्बीची मालदांडी ज्वारी बव्हंशी त्या ओलीवरच पिकते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गव्हाला आपल्याकडे चार ते सहा पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. शिवाय शहरी दुकानांतला आणि शिधावाटपातला बराच गहू मध्य प्रदेश, पंजाब, हरियाणा येथून येतो, आणि पंजाब-हरियाणात भात व गहू या फेरपालटाने भूजल किती खोल गेले आहे ते सर्वश्रुत आहे. ज्वारीचा कडबा हा दुष्काळी भागातील जनावरांचा वर्षभराचा आधार असतो, हा तिचा दुसरा गुण कोणत्याही पोषणतक्त्यात सापडणार नाही. ती महाग पडते याचे कारण तिचा एकरी उतारा कमी आहे, काढणीला मजूर लागतात आणि गव्हा-तांदळाप्रमाणे मोठ्या प्रमाणावर सरकारी खरेदी तिला लाभलेली नाही. त्यामुळे गेल्या काही दशकांत तिचे क्षेत्र सतत आक्रसत गेले.

म्हणून ज्वारी जरूर खावी, परंतु मापात खावी. माप उतरले की तिचा वाढीव भावही आपोआप झेपतो.

जाता जाता साखरेबद्दल, म्हणजे डब्यातल्या साखरेबद्दल. एक ते दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा किती मोठा वाटा उचलतो, हे उजनीच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्के म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला २५ ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो, आणि त्यात गूळ, बिस्किटे, मिठाई, शीतपेये सर्व आले. गुळाचा चहा पिणाऱ्यांनी गूळही उसाचाच असतो हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने दूध, दही, तूप, अंडी सर्व सोडले आहे. दुधाच्या धंद्यामुळे तापमानवाढ होते असे तिचे म्हणणे. घरात रोज वाद होतात. तिची आई म्हणते हाडे ठिसूळ होतील. आता ती बदामाचे दूध मागवते, ते फार महाग आहे. काय करावे?
– एक वडील, मुंबई

उत्तर : मुलीचे म्हणणे निराधार नाही. गायी-म्हशी रवंथ करताना पोटातील जिवाणू मिथेन तयार करतात, आणि २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंश व ११ कोटी म्हशी आहेत. मिथेन कर्बवायूच्या २७ ते ३० पट उष्णता शंभर वर्षांच्या हिशेबात अडवतो. मात्र आपल्याकडील लहान शेतकऱ्याची जनावरे मुख्यतः कडबा, भुसकट, उसाचे वाढे, बांधावरचे गवत यांवर जगतात, म्हणजे माणसाला खाता न येणाऱ्या वस्तूंचे ती दूध करतात, शेण देतात आणि कित्येक ठिकाणी औतही ओढतात. परदेशातील मका-सोयाबीनवर पोसलेल्या गोठ्यांचे आकडे जसेच्या तसे येथे लावता येत नाहीत. वादाचा हा भाग तिच्याशी शांतपणे बोलावा, पण तिने ठरवलेच असेल तर तिचा आहार नीट बसवून देणे हे आपले काम आहे. सतरा-अठराव्या वर्षी जेवणावरून रोज भांडण होणे हे दूध सोडण्यापेक्षा वाईट.

बारकाईने पाहण्याची गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची आहे. वनस्पतींत ते भरवशाने मिळत नाही. पुण्यातील दीर्घकाळ चाललेल्या संशोधनात दूध घेणाऱ्या शाकाहारी लोकांतही त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, तेव्हा दूध सोडलेल्या मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. येथे तडजोड नाही. कमतरता वर्षानुवर्षे राहिली तर रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंनाही इजा पोहोचते. रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व व हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे.

कॅल्शियमची चिंता मात्र सोडवता येण्यासारखी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, बिनसोललेल्या तिळात त्याच्या कितीतरी पट, आणि राजगिऱ्याची व शेवग्याच्या पाल्याची भाजी हेही चांगले स्रोत आहेत. पालक आणि अळू यांत ऑक्झलेट असल्याने त्यांतील कॅल्शियम शरीराला फारसे लाभत नाही. नाचणीची आंबील किंवा भाकरी, तिळाची चटणी, भिजवून शिजवलेले सोयाबीन किंवा टोफू, रोज चमचाभर जवसाची चटणी आणि आयोडीनयुक्त मीठ अशी बैठक बसवली तर हाडांची काळजी बरीच कमी होईल.

बदामाच्या दुधाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते सोडावे. जगातील सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात, तेही सिंचनाच्या पाण्यावर. खोक्यातल्या त्या दुधात बदाम अगदी थोडे आणि प्रथिने नगण्य असतात. सोयाबीन घरी भिजवून, वाटून, उकळून, गाळून दूध करता येते आणि त्यातील प्रथिने गायीच्या दुधाच्या जवळपास जातात. बाजारचे घेतलेच तर त्यात कॅल्शियम घातले आहे का ते वेष्टनावर पाहावे.

घरातील इतरांनी दूध सोडण्याचे कारण नाही, पण एक किलो पनीरसाठी साधारण पाच लिटर दूध लागते एवढे ध्यानात ठेवावे. शाकाहारी मेजवानी म्हणजे पनीर, ही समजूत गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली आहे. मुलगी या गोष्टीवर बोट ठेवत असेल, तर मी तिच्या बाजूने आहे.

प्रश्न : आम्ही मालवणी माणसे, मासळीशिवाय जेवण जात नाही. समुद्रातील मासे संपत चालले म्हणून मासे खाणे कमी करा असे कोणी सांगितले तर पटत नाही. आपले मत काय?
– एक निवृत्त कर्मचारी, मालवण

उत्तर : मासळी सोडू नये, कोणती घ्यायची याचा विचार करावा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील यांसारखी थव्याने फिरणारी लहान मासळी लवकर वाढते, लवकर अंडी घालते आणि तिच्या मासेमारीला किलोमागे इंधन तुलनेने कमी जळते. हृदयाला उपयुक्त असलेली ओमेगा-३ स्निग्धाम्ले बांगडा-तारलीत भरपूर आहेत, आणि बारीक मासळी काट्यांसह खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. खाडीतील तिसऱ्या, कालवे, शिनाणे या शिंपल्यांतील जिवांना बाहेरून खाद्य घालावे लागत नाही. ती पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांचा भार सर्वांत हलका. मात्र ज्या खाडीत सांडपाणी सुटते तेथील घेऊ नयेत. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यांतून येणारी कोळंबी मात्र इंधनाच्या हिशेबात महाग पडते, आणि तिच्याबरोबर वर येणारी अपरिपक्व मासळी वाया जाते किंवा मासळीची कुटी, म्हणजे भुकटी, करणाऱ्या कारखान्यात जाते. किनाऱ्यावरची पुष्कळ तारलीही अशीच दळली जाऊन कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जाते. ती थेट माणसाच्या ताटात आली तर किती बरे!

आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे पिल्ले विकत न घेणे. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. तळहातापेक्षा लहान पापलेट टोपलीत दिसले तर भाव कितीही उतरलेला असो, ते नाकारावे. पावसाळ्यातील बंदीच्या काळात सुके बोंबील, सुकट, जवळा आहेतच. उन्हात वाळवलेल्या या मासळीला शीतगृहाची वीज लागत नाही. खारवलेल्या बांगड्यात मीठ फार असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी तो जपून खावा. आणि रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिरफळ घातलेले तिखले केले, तर तेलही वाचते. मालवणकरांना हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे याची जाणीव आहे.

प्रश्न : मुलगा व्यायामशाळेत जातो. तेथील सल्ल्यावरून किनोआ, चिया, अ‍ॅव्होकॅडो, परदेशी बेरी असा बाजार चालू आहे. हे खरोखर इतके पौष्टिक आहे का? आणि घरी तेल कोणते वापरावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हे पदार्थ पौष्टिक आहेत, पण अपरिहार्य नाहीत. किनोआ आणि राजगिरा एकाच कुळातील आहेत. चियाच्या जागी जवस चालतो आणि तो विदर्भाचेच पीक आहे. फक्त तो भाजून, कुटून खावा, अख्खा खाल्ला तर पचत नाही. बेरीच्या जागी आवळा, पेरू, जांभूळ, बोरे. अ‍ॅव्होकॅडोतील स्निग्धांश मूठभर शेंगदाण्यांतून मिळतो आणि प्रथिने वर मिळतात. अन्नाच्या एकूण हरितगृह वायूंत वाहतुकीचा वाटा सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांहून कमी असतो, त्यामुळे केवळ दूरवरून आले म्हणून एखादी वस्तू वाईट ठरवू नये. जहाजाने आलेल्या मसुरीचा भार फार नसतो. विमानाने येणाऱ्या नाशवंत फळांचा मात्र असतो.

तेलाबाबत प्रमाण हा पहिला मुद्दा आहे. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यात इंडोनेशिया-मलेशियातील पामतेलाचा वाटा मोठा आहे आणि त्या लागवडीसाठी तेथील जंगले मोठ्या प्रमाणावर तुटली आहेत. घरी पामतेल न आणणाऱ्यांच्या पोटातही ते फरसाण, बिस्किटे, वेफर यांतून जाते. शेंगदाणा, करडई, तीळ ही आपल्याकडची तेले आलटून पालटून वापरावीत. त्यांपैकी करडई रब्बीच्या उरलेल्या ओलीवर येते. तिची मागणी वाढली तर मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ते हवेच आहे. घाण्याचे तेल चवीला छान, पण त्यातही उष्मांक तितकेच.

प्रश्न : उरलेले अन्न खाणे आरोग्याला वाईट असे ऐकते, आणि टाकणे पर्यावरणाला वाईट. मग करावे तरी काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मापात शिजवावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. कचराभूमीत कुजताना त्यातूनही मिथेनच निघतो. उरलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी पूर्ण तापवून खाल्ले तर अपाय नाही. भात मात्र रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये, त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. कडधान्ये भिजवून, कुकरमध्ये शिजवली की गॅस पुष्कळ वाचतो.

प्रश्न : आदरणीय ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. तुमच्या सदरात सांगितलेले काजू, फळे, पनीर आमच्या पाड्यावर कोणाला परवडत नाही. गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी असते. रेशनच्या तांदळावर घर चालते. अशा घराला पर्यावरण वगैरे सोडून, पोटाला काय सांगू?
– एक सेविका, जव्हार तालुका

उत्तर : ताई, आपले पत्र मुद्दाम शेवटी घेतले, कारण त्याला सविस्तर उत्तर द्यायचे होते. आपण मांडलेली अडचण जागतिक पातळीवरही खरी आहे. ईट-लॅन्सेटचा आराखडा जगातील सुमारे १५८ कोटी लोकांना परवडणारा नाही, असे २०२० मध्येच संशोधकांनी दाखवून दिले होते. मात्र आपल्या पाड्यांवर पोट आणि पर्यावरण यांची बाजू वेगवेगळी नाही, असे मला वाटते.

प्रथम हिशेब करू. प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. घरची थोडी नाचणी किंवा वरई असेल तर धान्याची गरज तेथेच जवळजवळ भागते. कष्टाचे काम करणाऱ्यांना अधिक लागेल, तेवढेच वरचे. म्हणून हातात येणाऱ्या पैशांतून आणखी तांदूळ घेऊ नये, तो पैसा डाळ, तेल आणि अंडी यांकडे वळवावा, हे पहिले सांगणे. डाळीत तूर महाग असेल तर कुळीथ, उडीद, वाल, चवळी यांपैकी जे परसात किंवा बांधावर येते ते लावावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या कितीतरी गावरान वाणांचे बियाणे जपले आणि त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. कुडाला चढणाऱ्या वालाच्या वेलाला ना खत लागते, ना वेगळी जागा.

दुसरे, रानभाज्या. कुर्डू, टाकळा, कवळी, लोत, शेवळे यांची माहिती मी आपल्याला देणे योग्य नाही, ती पाड्यावरच्या आजींना माझ्यापेक्षा अधिक आहे. या भाज्यांत लोह व कॅल्शियम चांगले असते, त्यांना नांगरट, पाणी, फवारणी काहीच लागत नाही. अडचण एवढीच की तरुण मुली त्यांना गरिबाचे खाणे समजून लाजतात. अंगणवाडीत एखाद्या दिवशी त्याच भाज्या सन्मानाने शिजवल्या तर ती लाज कमी होईल. ओळख पक्की नसलेली भाजी मात्र कोणी तोडू नये, आणि शेवळे काकडाची (हे एक रानफळ) फळे घालून नीट शिजवल्याशिवाय खाऊ नयेत.

तिसरे, प्राणिज अन्न. शहरातल्या मांसाहारी माणसाला मी मटण कमी करा असे सांगेन, आपल्या पाड्यावरच्या गरोदर बाईला ते कधीच सांगणार नाही. तिला अंडे, ओढ्यातील बारीक मासे, खेकडे, सुकट यांपैकी जे मिळेल ते हवेच आहे. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आढळले आहे, आणि माशांतील लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा सहज लाभते. परसातल्या चार-पाच गावरान कोंबड्या किडे आणि सांडलेले दाणे वेचून जगतात. अमृत आहार योजनेतील गरम जेवण तिने घरी न नेता अंगणवाडीतच बसून खावे, असा आग्रह धरावा. घरी गेलेला डबा सर्वांत वाटला जातो हे आपण जाणताच.

भाजी व डाळीबरोबर लिंबू, आवळा, चिंच किंवा कच्ची कैरी असावी, म्हणजे त्यांतील लोह अंगी लागते. नाचणी आणि कडधान्ये मोड आणून वापरल्यासही तोच लाभ होतो. लोहाच्या गोळ्या याशिवाय घ्यायच्याच आहेत, आहार हा त्यांना पर्याय नाही. गोळी आणि कोरा चहा यांच्यात निदान तासाभराचे अंतर ठेवायला सांगावे; पाड्यावर जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल तर तो चहा दुपारी उशिरावर ढकलावा.